तातडीच्या कक्षातील वयोवृद्ध रुग्ण: रक्ततपासणी कोणती करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा

ग्रामीण रुग्णालयात रात्री-अपरात्री आणलेल्या सत्तरी-ऐंशीतल्या रुग्णाविषयी नातेवाईक जे सांगतात ते बहुतेक वेळा एका वाक्यात संपते. "बुढी कालपासून भलतंच बोलून रायली अन् जेवली बी नाही." ताप नाही, छातीत दुखत नाही, तोंड वाकडे झालेले नाही. न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, उतरलेली शुगर, घटलेले सोडियम, मंदावलेली किडनी किंवा पोटातला रक्तस्राव यांपैकी काहीही या एका वाक्यामागे असू शकते, कारण म्हातारपणी शरीर आजाराची ठरलेली लक्षणे दाखवतेच असे नाही. त्यामुळे अशा रुग्णात रक्ततपासणीवर भिस्त वाढते, आणि नेमक्या याच वयात रिपोर्टवर छापलेली "नॉर्मल रेंज" सर्वांत जास्त दिशाभूल करते.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय येथे काम करणारे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली गाठायला जो वेळ लागतो, त्या वेळात रुग्णाचे काय होईल हे बऱ्याच अंशी पहिल्या तासात ठरते. म्हणून प्रत्येक तपासणी लिहिताना दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. हिच्या उत्तराने माझा पुढच्या तासातला निर्णय बदलणार आहे का? आणि हिच्या उत्तरासाठी रुग्णाचे उपचार किंवा १०८ ची गाडी थांबणार आहे का? पहिल्याचे उत्तर "नाही" किंवा दुसऱ्याचे "हो" असेल, तर ती तपासणी त्या क्षणी करू नये.

पहिली पायरी: सुई टोचण्याआधी

श्वसनाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजावा, ऑक्सिजन पाहावा, ताप मोजावा आणि रक्तदाब रुग्णाच्या नेहमीच्या रक्तदाबाशी ताडून पाहावा. ज्या आजोबांचा रक्तदाब वर्षानुवर्षे १६० च्या आसपास असतो, त्यांचा आजचा ११० हा चांगला आकडा नसून शॉकची सुरुवात असू शकते. वृद्धांना संसर्गात ताप येईलच असे नाही, त्यामुळे तोंडातले तापमान ३७.८ अंश सेल्सिअस भरले तरी ते गांभीर्याने घ्यावे. ईसीजी रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत काढावा, कारण छातीत न दुखता होणारा हृदयविकाराचा झटका याच वयात अधिक आढळतो, आणि ईसीजी जे लगेच सांगतो ते रक्त काही तासांनी सांगते.

यानंतर औषधांची पिशवी मागावी. माझ्या मते वृद्ध रुग्णाच्या तपासणीतले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त सांगणारे साधन हेच आहे. पिशवीत बहुधा अर्ध्या कापलेल्या पाकिटातल्या गोळ्या निघतात आणि नाव छापलेला भाग नेमका कापून गेलेला असतो. अशा वेळी औषधांची नावे विचारत बसण्यापेक्षा कामावरून विचारावे: बीपीची गोळी कोणती, लघवी जास्त होण्याची गोळी आहे का, शुगरची आहे का, रक्त पातळ करणारी आहे का, आणि मेडिकलवरून आणलेली "वाताची गोळी" किंवा पुडी चालू आहे का. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता धरून चालावे. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी अचानक बंद झाली, की रक्तदाब, शुगर आणि सोडियम ही तिन्ही एकदम घसरू शकतात. हे चित्र ओळखता आले तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन जीव वाचवते, आणि त्यासाठी कॉर्टिसोलच्या (शरीरातल्या नैसर्गिक स्टेरॉइडच्या) रिपोर्टची वाट पाहायची नसते.

जुने रिपोर्ट शोधावेत. मुलाच्या मोबाइलमधला फोटो, मागच्या भरतीचे डिस्चार्ज कार्ड, बीपी-शुगरच्या तपासणीचे कार्ड यांपैकी काहीही चालेल. मागच्या वर्षीचे क्रिएटिनिन (किडनीचे काम सांगणारा आकडा) आणि हिमोग्लोबिन हाती आले, तर आजच्या रिपोर्टची किंमत दुप्पट होते.

दुसरी पायरी: शुगर, आणि तीही लगेच

बोलण्यात गोंधळ, सुस्ती, चक्कर, पडणे, झटका किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही असेल, तर ग्लुकोमीटरवर शुगर पाहिल्याखेरीज दुसरा विचार करू नये. उतरलेली शुगर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकते. हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर घाम वगळता धडधड-थरथर ही नेहमीची लक्षणेही झाकली जातात. ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी शुगर म्हणजे उपचार. रुग्ण शुद्धीत असून नीट गिळत असेल तर १५ ते २० ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. गिळता येत नसेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर मोठ्या शिरेतून सावकाश द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. रुग्ण कुपोषित किंवा मद्यपी असेल तर सोबत थायमिन द्यावे.

मीटरच्या मर्यादा विदर्भात विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. हिमोग्लोबिन खूप कमी असल्यास मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त शुगर दाखवू शकतो, म्हणजे रक्तक्षय असलेल्या आजींची खरी शुगर ६० असताना पडद्यावर ८० येऊ शकतात. शॉकमध्ये हातपाय गार पडलेले असल्यास बोटाचे रक्त विश्वासार्ह नसते, तेव्हा शिरेतले रक्त वापरावे. बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस लागला असेल तर आकडा फुगतो, म्हणून आधी पाण्याने बोट धुऊन कोरडे करावे. स्ट्रिपची डबी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नये. बहुतेक स्ट्रिप ३० अंशांपर्यंतच टिकतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीचे तापमान त्याच्या कितीतरी वर जाते.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्या रुग्णाची शुगर एकदा वर आली म्हणून त्याला घरी पाठवू नये. या गोळ्यांचा परिणाम लांबतो, किडनी मंद असल्यास आणखी लांबतो, आणि शुगर पहाटे पुन्हा उतरते. किमान २४ तास ठेवून दर एक-दोन तासांनी मोजावे आणि क्रिएटिनिन अवश्य पाहावे, कारण वर्षभर सोसलेली गोळी आज अचानक जड का झाली याचे उत्तर बहुधा तिथे सापडते.

तिसरी पायरी: नमुना नीट घेणे

चुकीच्या पद्धतीने काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा घातक असतो, म्हणून या पायरीवर मी थोडे सविस्तर लिहितो.

वृद्धांची कातडी कागदासारखी पातळ असते, त्यामुळे टुर्निकेट सदऱ्याच्या बाहीवरून किंवा कापडाच्या घडीवरून बांधावे, ते एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये आणि रुग्णाला मूठ उघडझाप करायला सांगू नये. लांबलेले टुर्निकेट आणि मुठीची उघडझाप या दोन्हींमुळे पोटॅशियम खोटे वाढते. शीर नाजूक असल्यास बटरफ्लाय सुई वापरावी. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ नये. दुसरा पर्यायच नसेल तर सलाईन किमान दोन मिनिटे बंद करून, सुईच्या खालच्या बाजूने घ्यावे आणि सुरुवातीचे रक्त टाकून द्यावे. डेक्स्ट्रोज मिसळलेल्या नमुन्यात शुगर ६०० आणि सोडियम ११५ असे रिपोर्ट येतात, आणि त्यावर उपचार सुरू झाले तर रुग्णाचे नुकसान होते.

बल्ब (रक्ताच्या नळ्या) भरण्याचा क्रम पाळावा: आधी कल्चरची बाटली, मग सायट्रेट, मग प्लेन किंवा जेलचा बल्ब, मग हेपॅरिन, मग ईडीटीए आणि शेवटी फ्लोराइड. ईडीटीएचा अंश प्लेन बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम भरमसाट वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. सायट्रेटचा बल्ब रेषेपर्यंत भरलाच पाहिजे. तो अर्धा राहिला तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) खोटा वाढलेला येतो. सिरिंजने रक्त काढले असल्यास सुई काढून, बल्बच्या कडेने, दट्ट्यावर जोर न देता सोडावे. जोराने सोडलेल्या रक्तातील लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम पुन्हा खोटे चढते. बल्ब हलवू नये, आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करावा.

नाव रुग्णाच्या खाटेजवळच लिहावे. एकाच गावातल्या, एकाच आडनावाच्या आणि एकाच नावाच्या दोन आजी एका वॉर्डात असणे आपल्याकडे नवलाचे नाही, म्हणून नावासोबत वय आणि केसपेपर क्रमांक लिहावा. नमुना घेतल्याची वेळही लिहावी. शुगरचा नमुना साध्या बल्बमध्ये पडून राहिला तर पेशी दर तासाला अंदाजे ५ ते ७ टक्के साखर वापरतात, म्हणून फ्लोराइड बल्ब. पोटॅशियमचा, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वेगळे न केलेला नमुना बर्फात ठेवला तर पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते. नमुने महालॅब या सरकारी रुग्णालयांसाठीच्या प्रयोगशाळा-सेवेच्या किंवा अन्य गाडीने दूरच्या प्रयोगशाळेत जाणार असतील, तर सीरम दोन तासांच्या आत वेगळे करून मगच थंड पेटीत ठेवावे.

चौथी पायरी: काय मागवायचे

वृद्ध आणि खरोखर आजारी दिसणाऱ्या प्रत्येक रुग्णात शुगर, संपूर्ण रक्तगणना, युरिया-क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम एवढे पुरेसे आहे. बाकीचे प्रश्नानुसार मागवावे. श्वास लागला असेल किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी तपासणी); रक्त पातळ करणारी गोळी असेल, डोक्याला मार असेल किंवा रक्तस्राव असेल तर आयएनआर आणि रक्तगट; पोट दुखत असेल तर लायपेज (स्वादुपिंडासाठी) आणि बिलिरुबिन (काविळीसाठी); तहान, बद्धकोष्ठता, पाठदुखी आणि गोंधळ एकत्र असतील तर कॅल्शियम. कॅल्शियम वाचताना अल्ब्युमिनही पाहावे: ते ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितक्या पटीत ०.८ मिलिग्रॅम कॅल्शियममध्ये मिळवावे, नाहीतर खंगलेल्या रुग्णातले वाढलेले कॅल्शियम नजरेतून सुटते.

क्रिएटिनिन: रेंजमध्ये असलेला धोका

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. शेतमजुरी करून झिजलेल्या, चाळीस किलो वजनाच्या, ऐंशी वर्षांच्या आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नसतात. त्यांचे क्रिएटिनिन १.२ आले, तर अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर ते रेंजच्या आत किंवा किंचित वर दिसते. आता हिशेब करून पाहावा. १४० मधून वय वजा करावे, वजनाने गुणावे, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागावे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणावे. या आजींचे उत्तर मिनिटाला अंदाजे २४ मिलिलिटर येते. तेच १.२ क्रिएटिनिन साठ किलो वजनाच्या तीस वर्षांच्या तरुणात ७६ च्या आसपास उत्तर देते. कागदावर आकडा एकच, पण आजींची किडनी तरुणाच्या तुलनेत एक तृतीयांशाहूनही कमी काम करते आहे. रक्त पातळ करणाऱ्या एनोक्सापॅरिनची मात्रा, अमिकासिन हे प्रतिजैविक देणे-न देणे, मेटफॉर्मिन थांबवणे हे सगळे निर्णय या २४ वर अवलंबून असतात, १.२ वर नाही.

हे सूत्र किडनीचे काम स्थिर असतानाच लागू पडते. आज क्रिएटिनिन वाढत असेल तर प्रत्यक्ष काम सूत्राने सांगितल्यापेक्षाही कमी असते. जुना रिपोर्ट येथे उपयोगी पडतो: ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ किंवा आठवड्याभरात दीडपट वाढ म्हणजे किडनीला तातडीची इजा. मागचे ०.७ आणि आजचे १.१ हे दोन्ही आकडे रेंजमध्ये असूनही, मधल्या काळात दुसरे कारण दिसत नसेल तर ही इजाच समजावी. डायक्लोफेनॅक आणि तत्सम वेदनाशामके तत्काळ बंद करावीत. जुलाब, उलट्या किंवा उन्हामुळे पाणी कमी झाले असेल तर टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या, लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन तूर्त थांबवावे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी स्वतः, हात लावून करावी. आजोबांचे क्रिएटिनिन ४-५ आले की "किडनी फेल" लिहून नागपूरला पाठवण्याआधी बेंबीखाली पोट चाचपावे. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून मूत्राशय नारळाएवढा लागत असेल तर कॅथेटर हाच उपचार आहे, आणि तो ग्रामीण रुग्णालयात पाच मिनिटांत होतो. नंतर लघवी भराभर सुटते, म्हणून पुढचे काही तास तिचे माप ठेवावे व सोडियम-पोटॅशियम पुन्हा तपासावे.

क्रिएटिनिनच्या मानाने युरिया खूपच वाढलेला असेल तर दोन शक्यता प्रथम धराव्यात: पाण्याची कमतरता, किंवा जठर-आतड्यातला रक्तस्राव. शौच डांबरासारखे काळे होते का ते विचारावे, आणि लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे ध्यानात ठेवावे.

सोडियम आणि पोटॅशियम

सोडियम १२५ च्या खाली आणि रुग्ण गोंधळलेला, असे चित्र दिसले की पिशवीत थायझाइड (लघवी वाढवणारे बीपीचे औषध) शोधावे. बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" किंवा "सीटी" असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असण्याचा संभव आहे. आधी शुगर पाहावी, कारण वाढलेली शुगर सोडियमला खाली खेचते. १०० च्या वर प्रत्येक १०० मिलिग्रॅम शुगरमागे साधारण १.६ मिळवावे. शुगर ६०० आणि सोडियम १२६ असेल तर खरे सोडियम १३४ च्या आसपास आहे आणि आजार सोडियमचा नसून शुगरचा आहे.

झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर ३ टक्के सलाईन १०० ते १५० मिलिलिटर दहा ते वीस मिनिटांत द्यावे. सुरुवातीला सोडियम ४ ते ६ ने वाढले तरी पुरते. २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ होऊ देऊ नये, आणि कुपोषण, मद्यपान किंवा पोटॅशियमची कमतरता असेल तर ८ हीच मर्यादा मानावी. घाईने वाढवलेल्या सोडियमची किंमत रुग्ण काही दिवसांनी मेंदूच्या कायमच्या इजेने चुकवतो. झटके नसतील, तर कारण शोधणे, गोळी बंद करणे आणि दर चार-सहा तासांनी पुन्हा मोजणे हाच योग्य मार्ग आहे. याउलट सोडियम १५० च्या वर गेले असेल, तर त्या माणसाला कुणीतरी पाणी पाजायला हवे होते आणि ते पाजले गेले नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. तेही हळूहळू, दिवसाला १० पेक्षा जास्त नाही अशा बेताने उतरवावे.

पोटॅशियम ६ च्या वर आले तर ईसीजी पुन्हा काढावा आणि नमुना घेताना रक्त फुटले होते का हे तंत्रज्ञाला विचारून दुसरा नमुना पाठवावा. ईसीजीत उंच टोकदार टी लहरी, रुंद झालेला क्यूआरएस किंवा मंद ठोके दिसत असतील तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहू नये. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के १० मिलिलिटर पाच ते दहा मिनिटांत सावकाश, त्यानंतर साधे इन्सुलिन २५ ग्रॅम डेक्स्ट्रोजसोबत, आणि सालब्युटामॉलची वाफ, असा क्रम ठेवावा. मंद किडनीच्या वृद्धांत इन्सुलिन १० युनिटऐवजी ५ युनिट देणे सुरक्षित वाटते, आणि पुढचे सहा तास दर तासाला शुगर मोजणे अनिवार्य आहे. किडनी मंद असलेल्या रुग्णाला ताकदीसाठी म्हणून नातेवाईक नारळपाणी पाजतात. त्यात पोटॅशियम भरपूर असते, तेव्हा ते का नको हे त्यांना नीट समजावून सांगावे.

रक्तगणना

ताज्या रक्तस्रावात पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन घसरत नाही, आणि पाणी कमी झालेल्या रुग्णात ते उलट चांगले दिसते. म्हणून सलाईन दिल्यावर चार ते सहा तासांनी पुन्हा पाहावे. ७ ग्रॅमच्या खाली रक्त देण्याचा विचार करावा, हृदयविकार असल्यास ८ च्या खाली. जुनाट रक्तक्षयाने ६ वर आलेल्या आणि स्वतःच्या पायाने चालत आलेल्या आजींना रातोरात दोन-तीन पिशव्या चढवल्यास फुप्फुसात पाणी भरते. एक पिशवी, तीन ते चार तासांत, मध्येमध्ये छाती तपासून, एवढेच पुरे.

रक्त चढवण्यापूर्वी एक ईडीटीए बल्ब अवश्य राखून ठेवावा. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटात, सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. बाहेरचे रक्त मिसळल्यावर सिकलसेल ठरवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीचा निष्कर्ष पुढचे काही महिने भरवशाचा राहत नाही. म्हातारपणी कुठला आला सिकलसेल, असे समजून ही तपासणी टाळू नये.

पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत म्हणून संसर्ग नाही, असे वृद्धात कधीही लिहू नये. पेशी वाढलेल्या असल्या तर त्याचा उपयोग होतो, नसल्या तर काहीच सिद्ध होत नाही. सूज-संसर्ग दाखवणाऱ्या सीआरपी तपासणीचेही तेच; आजार सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांत ते वाढलेले नसते. प्लेटलेट अनपेक्षितपणे कमी आल्यास काचपट्टीवर गुठळ्या आहेत का ते तंत्रज्ञाने पाहावे, कारण ईडीटीएमुळे प्लेटलेट एकत्र चिकटून मशीनला कमी मोजल्या जातात.

संसर्ग आणि शॉक एकत्र दिसत असतील तर पहिल्या तासात प्रतिजैविक गेलेच पाहिजे. कल्चरची सोय असेल तर त्याआधी दोन जागांहून रक्त घ्यावे, नसेल तर थांबू नये. लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात वाढणारा घटक) २ च्या वर असणे काळजीचे आणि ४ च्या वर असणे गंभीर. पण आपल्या बहुतेक ठिकाणी ते होत नाही. तिथे बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडावे आणि रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का ते दर अर्ध्या तासाने पाहावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक या चाचणीत या साध्या निरीक्षणावर आधारलेले उपचार लॅक्टेटवर आधारलेल्या उपचारांपेक्षा मागे पडले नाहीत. लॅक्टेट मशीन नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही.

ट्रोपोनिन आणि डी-डायमर

ट्रोपोनिनची कार्ड तपासणी त्रास सुरू झाल्यावर पहिल्या तीन तासांत निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ "अजून कळत नाही" एवढाच आहे. तीन ते सहा तासांनी पुन्हा करावी. उलट किडनीविकार, हार्ट फेल्युअर किंवा गंभीर संसर्ग असलेल्या वृद्धात ट्रोपोनिन कायम थोडे वाढलेले असू शकते, म्हणून दोन नमुन्यांत आकडा चढतो किंवा उतरतो का हे पाहावे. ईसीजीत एसटी भाग उचललेला स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनची गरजच नाही, गाडी बोलवावी.

डी-डायमर (रक्तात गुठळी झाल्याचा माग देणारी तपासणी) वयानुसार वाढते. पन्नाशीनंतर मर्यादा ५०० न धरता वय गुणिले १० धरावी, म्हणजे ऐंशी वर्षांच्या रुग्णात ८००, पण रिपोर्ट एफईयू (फायब्रिनोजेन-सममूल्य) एककात असेल तरच. फुप्फुसातल्या गुठळीची शंका दाट असेल तर ही तपासणी करूच नये, कारण ती निगेटिव्ह आली तरी आपण थांबणार नसतो.

आपल्या ऋतूंप्रमाणे

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ४० अंशांहून जास्त ताप आणि हरपलेली शुद्ध म्हणजे उष्माघात. आधी गार पाणी, पंखा आणि बर्फ. रक्त त्याच वेळी दुसऱ्याने काढावे. शुगर, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीके (स्नायूंची इजा दाखवणारे एन्झाइम), यकृताची एन्झाइम आणि आयएनआर पाहावे. यकृताचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतात, तेव्हा पहिला चांगला रिपोर्ट पाहून निर्धास्त होऊ नये.

पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप, कमी प्लेटलेट आणि वाढलेली यकृताची एन्झाइम एकत्र आली तर डेंग्यू व मलेरियासोबत स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा) विचार झालाच पाहिजे. काखेत, जांघेत, स्तनाखाली आणि लुगड्याची किंवा धोतराची गाठ बसते तिथे काळी खपली शोधावी. आयजीएम तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. शंका असेल तर डॉक्सीसायक्लिन सुरू करावे. गडचिरोलीतून आलेल्या प्रत्येक तापात मलेरियाची झटपट तपासणी करावी, आणि एक निगेटिव्ह आली तरी काचपट्टी पाहावी.

शेतात किंवा गोठ्यात बेशुद्ध सापडलेल्या वृद्धात सापाचा विचार राहून जातो. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवून तिरके करावे. गोठले नसेल तर विषाचा परिणाम धरावा. मण्यार चावल्यास मात्र रक्त नीट गोठते आणि चाव्याची खूणही दिसत नाही, म्हणून पापण्या जड होणे आणि श्वास उथळ होणे यांकडेच लक्ष ठेवावे. कीटकनाशकाच्या फवारणीच्या दिवसांत बारीक बाहुल्या, लाळ आणि घाम दिसला तर कोलिनेस्टरेजच्या रिपोर्टआधी अॅट्रोपिन द्यावे.

ज्या तपासण्या त्या रात्री नकोत

टायफॉइडची विडाल, यूरिक अॅसिड, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी, ट्यूमर मार्कर आणि "फुल बॉडी प्रोफाइल" यांनी त्या रात्रीचा एकही निर्णय बदलत नाही. तालुक्याच्या खासगी लॅबमध्ये त्यासाठी मोजलेले पैसे पुढच्या प्रवासाच्या, जेवणाच्या आणि औषधाच्या पैशांतून जातात. अंथरुणाला खिळलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णात तर घरच्यांशी बोलून ठरवावे. दिवसातून दोनदा रक्त काढून काहीच बदलणार नसेल तर ते काढू नये.

रेफर करताना आणि घरी पाठवताना

चिठ्ठीवर फक्त "सोडियम कमी" असे लिहू नये. आकडा, एकक, नमुना घेतल्याची वेळ, आणि तो डेक्स्ट्रोज, सलाईन किंवा रक्त देण्याआधीचा की नंतरचा हे लिहावे. ट्रोपोनिन कार्डवर झाले की मशीनवर हेही लिहावे, कारण नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना दोन आकड्यांची तुलना करायची असते. जुना क्रिएटिनिन आणि औषधांची पिशवी रुग्णासोबत द्यावी. जे रिपोर्ट रुग्ण निघाल्यावर येतील त्यांच्यासाठी नोंदवहीत पुढच्या रुग्णालयाचा आणि नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा, आणि पोटॅशियम, सोडियम किंवा कल्चर धोक्याचे आले तर ड्युटीवरच्या परिचारिकेने तो फोन त्याच क्षणी करावा.

घरी पाठवताना कोणती गोळी बंद केली ते मराठीत, ठळक अक्षरात लिहून द्यावे आणि बंद केलेली पाकिटे पिशवीतून वेगळी काढून मुलाच्या किंवा सुनेच्या हातात द्यावीत, नाहीतर आजी दुसऱ्या दिवशी तीच गोळी पुन्हा घेतात. लघवीची गोळी थांबवली असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेले होते, तर तीन ते सात दिवसांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम पुन्हा पाहण्याची तारीख आशाताईंना कळवावी आणि तो नमुना जवळच्या उपकेंद्रावर किंवा आरोग्य केंद्रावर घेता येईल का ते डिस्चार्जच्या आधीच ठरवून घ्यावे.